साक्षीची अट : अमेरिकन गुलामांची आत्मकथने आणि मराठीतील वास्तवकथन

जोतीराव फुले यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतील सदाचारी जनतेला उद्देशून लिहिलेली आहे, हे मराठी वाङ्मयाच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक आहे. गुलामांच्या मुक्ततेसाठी त्या जनतेने दाखविलेल्या निःस्वार्थ वृत्तीची तीत प्रशंसा आहे. आपल्या देशबांधवांनी शूद्र बंधूंच्या मुक्ततेसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छाही तीत आहे. गुलामगिरी रद्द करणारी अमेरिकन संविधानाची तेरावी दुरुस्ती १८६५ ची. तेथून अवघ्या आठ वर्षांत पुण्यातील एक ग्रंथकार त्या घटनेला आपल्या समाजाच्या आकलनाची गुरुकिल्ली करतो, ही मराठी विचाराच्या इतिहासातील असाधारण घटना आहे.

तथापि या अर्पणपत्रिकेपाशी थांबून 'मराठी दलित साहित्यावर अमेरिकन कृष्णवर्णीय साहित्याचा प्रभाव' असा सरळ धागा ओढण्याची जी सवय आपल्याकडे पडली आहे, तिच्यात एक अडचण आहे. अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी चळवळीचे सर्वांत प्रभावी वाङ्मयीन हत्यार म्हणजे पळून आलेल्या गुलामाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली स्वतःच्या आयुष्याची हकीकत. फुल्यांनी अमेरिकेकडून 'गुलामगिरी' ही संकल्पना घेतली. हा वाङ्मयप्रकार घेतला नाही. त्यांचा ग्रंथ संवादरूप आहे. धोंडीबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात आणि विषय आहे पुराणांतील अवतारकथांच्या उलगड्यातून काढलेला दास्याचा इतिहास. त्यात एकही शूद्र वा अतिशूद्र माणूस 'मी अमुक गावी जन्मलो' अशी सुरुवात करून आपला जन्म सांगत नाही. असा 'मी' मराठीत ग्रंथरूपाने आणि सातत्याने बोलू लागला तो १९७८ नंतर. मधल्या शंभराहून अधिक वर्षांचा हिशेब 'प्रभाव' या शब्दाने लागत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तुलनेचा प्रश्नच वेगळा मांडला पाहिजे. आपली हकीकत खरी आहे हे सिद्ध करण्याची अट कोणावर घातली जाते, ती कोणापुढे सिद्ध करावी लागते आणि त्या अटीखाली लेखनाचा आकार कसा घडतो, हा तो प्रश्न होय.

प्रथम अमेरिकन उदाहरण पाहू. गुलामगिरी असलेल्या राज्यांत कृष्णवर्णीयाची साक्ष गोऱ्या माणसाविरुद्ध न्यायालयात ग्राह्य धरली जात नसे, आणि बहुतेक राज्यांत गुलामाला लिहावाचावयास शिकविणे हा कायद्याने अथवा रूढीने अपराध होता. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याला बोलण्याचा अधिकार नाही आणि लिहिण्याचे साधनही नाही. अशा माणसाचे पुस्तक हे न्यायालयाबाहेर दिलेली साक्ष ठरते. म्हणून या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर 'स्वतः लिहिलेले' हे शब्द येतात. १७८९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ओलाउदा इक्वियानोच्या आत्मकथनापासून ही प्रथा दिसते. आपल्याकडील आत्मचरित्रकाराला हे शब्द छापण्याची गरज कधी वाटली नाही. आत्मचरित्र स्वतःच लिहावयाचे असते, त्यात सांगण्यासारखे काय! पण गुलामाच्या बाबतीत तोच मुख्य वादाचा मुद्दा होता.

फ्रेडरिक डग्लस याचे पहिले आत्मकथन १८४५ मध्ये बोस्टनला निघाले आणि पहिल्या चार महिन्यांत त्याच्या सुमारे ५,००० प्रती खपल्या. पुस्तकाच्या आरंभी विल्यम लॉइड गॅरिसन यांची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्स यांचे पत्र आहे. दोघेही गोरे, दोघेही चळवळीतील प्रतिष्ठित. वाचकाने डग्लसकडे वळण्यापूर्वी या दोन जामीनदारांना ओलांडून जावे अशी ही रचना आहे. मजकूर सुरू होतो तो जन्मस्थळाने; जन्मतारीख मात्र लेखकाला ठाऊक नाही आणि ठाऊक नसणे हीच त्याची पहिली तक्रार आहे. (शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख लावून घेतलेल्या महाराष्ट्रातील पिढ्यांना या तक्रारीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.) पुढे माणसांची, मळ्यांची, नद्यांची नावे येतात, कोणी कोणाला कोठे कसे मारले हे येते, महिन्याला किती पीठ आणि किती मांस मिळे हेही येते. या तपशिलाला आपण आज वास्तववादी चित्रण म्हणतो. त्या काळी तो पुरावा होता. नाव खोटे निघाले असते तर सारे पुस्तकच खोटे ठरले असते.

आणि तो तपासला गेलाही. डग्लसला पूर्वी मेरीलँडमध्ये पाहिलेल्या ए. सी. सी. थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने वर्तमानपत्रात पत्र लिहून मालकांची तरफदारी केली आणि आपल्या ओळखीचा तो अडाणी गुलाम असे पुस्तक लिहूच शकत नाही असे प्रतिपादिले. डग्लसने त्याचे आभार मानले. कारण तो कधी गुलाम नव्हताच असे म्हणणाऱ्या उत्तरेकडील शंकेखोरांना या पत्राने परस्पर उत्तर मिळाले होते. विरोधकाची साक्षच त्याच्या कामी आली.

परंतु याच पुस्तकात एक मोठी मुद्दाम ठेवलेली जागा रिकामी आहे. आपण पळून कसे आलो हे डग्लस सांगत नाही. सांगितले तर मागे राहिलेल्यांची वाट बंद होईल आणि मालक सावध होतील, एवढे कारण देऊन तो पुढे जातो. खलाशाचा वेश करून आणि एका स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशाचा दाखला उसना घेऊन ३ सप्टेंबर १८३८ रोजी बाल्टिमोरहून आगगाडीने आपण निघालो, हे त्याने १८८१ मधील आपल्या तिसऱ्या आत्मकथनात सविस्तर सांगितले. तोवर गुलामगिरी जाऊन सोळा वर्षे झाली होती. सर्व काही जसेच्या तसे सांगणे म्हणजे वास्तव, या समजुतीला हे छत्तीस वर्षांचे मौन चांगलेच उत्तर आहे. या वाङ्मयात काय सांगितले आहे याइतकेच काय राखून ठेवले आहे हेही वाचावे लागते.

सत्यतेच्या अटीचे आणखी दोन विलक्षण परिणाम झाले. हॅरिएट बीचर स्टो यांची टॉमकाकाची कादंबरी १८५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. कादंबरी ही कल्पित असते हे मान्य असूनही तिच्यावर असत्यतेचा आरोप झाला आणि १८५३ मध्ये लेखिकेला कायदे, जाहिराती, न्यायालयीन निवाडे व गुलामांच्या हकीकती एकत्र करून पुराव्यांचा एक स्वतंत्र ग्रंथ काढावा लागला. कादंबरीलाही साक्षीपुरावा जोडावा लागला असा प्रसंग वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

दुसरा परिणाम याच्या नेमका उलट आहे आणि अधिक दुःखद आहे. हॅरिएट जेकब्स ही नॉर्थ कॅरोलायनातील एडेंटनची. मालकाच्या लैंगिक छळापासून सुटण्यासाठी ती आपल्या आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. माळा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि जास्तीत जास्त तीन फूट उंच होता. १८४२ मध्ये ती उत्तरेकडे निसटली आणि १८६१ मध्ये, 'लिंडा ब्रेंट' हे नाव निवेदिकेला देऊन, तिने आपली हकीकत लिडिया मारिया चाइल्ड यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केली. माणसांची नावे बदलली होती, कारण सांगावयाचे होते ते स्त्रीच्या तोंडून त्या काळी उच्चारणेही कठीण होते. भाषा तत्कालीन भावनाप्रधान कादंबरीची होती, कारण ज्या गोऱ्या गृहिणींना ती उद्देशून लिहीत होती त्यांना तीच भाषा कळत होती. परिणाम असा झाला की पुढे शतकभर हे पुस्तक चाइल्डबाईंनी लिहिलेली कादंबरी समजले गेले. गुलामांच्या समाजजीवनाचे मान्यवर इतिहासकार जॉन ब्लासिंगेम यांनीही १९७२ मध्ये ते विश्वासार्ह मानण्यास नकार दिला. जीन फेगन येलिन यांनी जेकब्सची पत्रे धुंडाळून १९८१ मध्ये कर्तृत्वाचा प्रश्न निकालात काढला आणि १९८७ मध्ये सटीप आवृत्ती सिद्ध केली. सात वर्षांचा माळा खरा होता. मोजमापांसह खरा होता. तो अविश्वसनीय वाटला याचे कारण 'खरे' कसे दिसावे याविषयी विद्वानांच्या मनात आधीच एक नमुना तयार होता आणि तो नमुना डग्लसचा, म्हणजे पुरुषाचा होता.

आता वास्तववाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाङ्मयीन संप्रदायाकडे वळू. अमेरिकन वास्तववादाचा इतिहास साधारणतः यादवी युद्धानंतर, विल्यम डीन हॉवेल्स आणि त्यांच्या पिढीपासून सांगितला जातो. सामान्य माणसाचे सामान्य जीवन, बोलीचा वापर, अद्भुताचा त्याग, स्थळकाळाचा नेमका तपशील ही त्याची लक्षणे. यातील बहुतेक लक्षणे डग्लसच्या पहिल्या आत्मकथनात वीसपंचवीस वर्षे आधीच आहेत. ती तेथे वाङ्मयीन धोरण म्हणून आलेली नसून गरज म्हणून आली, एवढ्याच कारणाने त्यांची गणना होत नाही की काय, अशी शंका येते.

या दोन प्रवाहांची प्रत्यक्ष गाठ पडल्याचे एक लहानसे पण फार बोलके उदाहरण आहे. १८७४ च्या नोव्हेंबरमध्ये, हॉवेल्स संपादक असलेल्या 'अटलांटिक मंथली'त मार्क ट्वेनची एक कथा आली. ऐकली तशी शब्दशः सांगितलेली खरी गोष्ट, असे तिच्या शीर्षकातच म्हटले आहे. पूर्वी गुलाम असलेली मेरी अ‍ॅन कॉर्ड ही स्वयंपाकीण ट्वेनच्या सासरच्या मंडळींकडे कामाला होती. कथेत तिचे नाव रेचेल. संध्याकाळी पायऱ्यांवर बसलेल्या रेचेलला हसताना पाहून निवेदक सहज विचारतो की, इतकी वर्षे जगूनही तुला कधी काही दुःख कसे झाले नाही? त्यावर ती आपला नवरा आणि सात मुले लिलावात कशी एकेक करून विकली गेली आणि धाकटा मुलगा युद्धकाळात योगायोगाने कसा परत भेटला हे सांगते. सांगता सांगता ती उठून उभी राहते आणि ऐकणारे खालीच बसलेले असतात. कथा संपते ती तिच्या वाक्यावर. निवेदकाला पुन्हा तोंड उघडायला ट्वेन जागाच ठेवत नाही. हकल्बरी फिनच्या कादंबरीची बोली कशी घडली हे शोधताना समीक्षक अनेक ठिकाणी जातात. प्रस्तुत लेखकाला त्या पायऱ्यांवरचा हा अवघडलेला श्रोता अधिक महत्त्वाचा वाटतो. तथापि शब्दशः ऐकलेल्या या गोष्टीखाली लेखक म्हणून नाव कोणाचे आहे, हेही विसरता येत नाही.

मराठीत याला समांतर गोष्ट आहे. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागली आणि मराठी वास्तववादी कादंबरीची खरी सुरुवात येथून मानण्याचा प्रघात आहे. यमूने स्वतःच्या शब्दांत सांगितलेली स्वतःची कर्मकहाणी अशी तिची घडण आहे. म्हणजे मराठी वास्तववादाने आपले पहिले मोठे यश मिळविले ते दुसऱ्याच्या 'मी'चे रूप घेऊन, एका पीडित स्त्रीच्या आत्मकथनाचे सोंग घेऊन. सोंग हा शब्द येथे निंदेने वापरलेला नाही. ते फार उंचीचे सोंग आहे. परंतु त्याहून पस्तीस वर्षे आधी एका पीडित मुलीने स्वतःच्याच नावाने लिहिलेला मजकूर मराठीत छापला गेला होता आणि वास्तववादाच्या कोणत्याही इतिहासात त्याला जागा मिळाली नाही.

तो मजकूर म्हणजे मुक्ताबाई साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध. फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही मांग जातीची मुलगी सुमारे चौदा वर्षांची होती. अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्रात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत तो दोन भागांत आला. त्याच वर्षी डग्लसचे दुसरे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभी आता गॅरिसन नाहीत. जेम्स मॅक्यून स्मिथ या कृष्णवर्णीय डॉक्टरांची प्रस्तावना आहे. दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही, आणि तो जोडण्याचा मोह टाळला पाहिजे. पण दोन्हीकडे त्या एका वर्षात काय चालले होते ते शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. एकीकडे बोलणारा माणूस आपला जामीनदार बदलतो आहे, दुसरीकडे पहिल्यांदाच तोंड उघडले जात आहे.

मुक्ताबाईचा निबंध आत्मकथन नाही. तीत 'मी' पेक्षा 'आम्ही' अधिक आहे. इमारतींच्या पायात आपल्या लोकांना तेलशेंदूर पाजून पुरले जाई, बाजीरावाच्या काळी तालमीपुढून जाणाऱ्या मांगामहाराचे शिर कापून त्याचा चेंडू करीत, उघड्यावर बाळंत होणाऱ्या स्त्रियांना थंडीवाऱ्यात काय सोसावे लागे, असे तपशील ती देते आणि वेदांचा अधिकार नाकारलेल्या आम्हांला धर्म तरी कोणता, असा प्रश्न थेट ईश्वराला घालते. यातील काही गोष्टी तिने पाहिलेल्या आहेत, काही वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आहेत. कागदपत्रांवर जगणाऱ्या इतिहासकाराला हा भेद महत्त्वाचा वाटेल. तिला तो वाटत नाही, कारण ती एका समूहाची आठवण सांगते आहे. कोणी खरेखोटे विचारील याची तिला चिंताही दिसत नाही. मिशनच्या पत्राचा वाचक अंशतः तरी अनुकूल होता, हे त्याचे एक कारण असावे. पुढे मात्र हा आवाज लेखनात दिसत नाही. 'गुलामगिरी'तील प्रश्न विचारणारा धोंडीबा हा मुक्ताबाईचा धाकटा भाऊ शोभावा. फक्त तिच्या प्रश्नाला ईश्वराकडून उत्तर नव्हते, याला जोतीरावांकडून मिळते.

लेखी 'मी' तयार होत नाही तेव्हा साक्ष नाहीशी होते असे मात्र नाही. ती गाण्यात जाते. गुलामांची गाणी ऐकून ते सुखी असले पाहिजेत असे मानणाऱ्यांविषयी डग्लसने पहिल्याच पुस्तकात तीव्र आश्चर्य व्यक्त केले आहे. माणूस सर्वाधिक दुःखी असतो तेव्हा सर्वाधिक गातो, असा त्याचा अनुभव. १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात असलेल्या आणि त्यामुळे मराठी कारभाराचा भाग झालेल्या छत्तीसगडात, गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांच्या सतनामी पंथाने आपला इतिहास पंथीगीतांत सांभाळला. रायपुरात आज ही पंथी सरकारी महोत्सवाच्या व्यासपीठावर लोकनृत्य म्हणून पाहावयास मिळते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, मनोरे रचणाऱ्या तरुणांची कसरत वाखाणतात. शब्द कोणी ऐकतो का, हा डग्लसचाच प्रश्न आहे. विदर्भ-मराठवाड्यातील आंबेडकरी जलशांचेही थोडेफार असेच झाले.

या दोन टोकांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे एक छोटे इंग्रजी लेखन उभे आहे. ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ओळखले जाते, साधारणतः १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यातले आहे आणि १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. अमेरिकन गुलामांच्या आत्मकथनांना मराठी माणसाने लिहिलेले सर्वांत जवळचे लेखन कोणते असे विचारले तर याच लेखनाचे नाव घ्यावे लागेल. आणि ते मराठीत नाही ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ते परदेशी वाचकासाठी लिहिलेले आहे. अस्पृश्यता आहे हे परक्यांना ठाऊक असते, पण ती प्रत्यक्षात कशी चालते हे कळत नाही. म्हणून सामान्य वर्णन न करता घडलेले प्रसंग द्यावेत, अशी भूमिका आरंभीच मांडली आहे. १९०१ मध्ये नऊ वर्षांचा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटण्यासाठी मसूर स्टेशनवर उतरतो, जात कळताच गाडीवान मिळत नाही, दुप्पट भाड्याने मिळतो तोही मुलांनीच गाडी हाकावी या अटीवर. रात्रभर जेवण जवळ असून पाण्याचा थेंब मिळत नाही. पुढे बडोद्याचा १९१७ मधील प्रसंग आहे, १९३४ मधील दौलताबादच्या किल्ल्यावरील हौदाचा आहे. मग स्वतःला सोडून लेखक दुसऱ्यांच्या प्रकरणांकडे वळतो आणि काठियावाडातील एका शिक्षकाच्या बाळंतीण पत्नीची हकीकत 'यंग इंडिया'च्या १२ डिसेंबर १९२९ च्या अंकातील पत्राच्या आधारे देतो. ही पद्धत वकिलाची आहे. विशेषणे जवळजवळ नाहीत. तारीख, स्थळ, भाडे, पाणी.

याच आंबेडकरांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना मात्र सावधगिरीचा इशारा दिला आहे. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्यामुळे त्याला जगविण्यात मालकाचा स्वार्थ असतो. अस्पृश्याला जगविण्यात कोणाचाच नसतो. गुलामगिरी उघड असते, गुलामाला आपण गुलाम आहोत हे कळते. अस्पृश्यता आपले स्वरूप झाकून ठेवते. कोणाचे दुःख मोठे याचा हा हिशेब नव्हे. लेखनाच्या दृष्टीने या भेदाचे परिणाम दूरगामी आहेत, आणि ते 'बलुतं'मध्ये दिसतात.

दया पवार यांचे 'बलुतं' ग्रंथालीने १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. पाठोपाठ माधव कोंडविलकर, प्र. ई. सोनकांबळे, लक्ष्मण माने, शंकरराव खरात, कुमुद पावडे, शरणकुमार लिंबाळे यांची आत्मकथने सातआठ वर्षांच्या आत आली. यामागे अमेरिकेची वार्ता नव्हती असे नाही. १९७२ मधील दलित पँथर या नावातच ती आहे, आणि म. ना. वानखडे, जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीय साहित्याचा परिचय मराठी वाचकांना करून दिला होता. पण 'बलुतं' वाचताना डग्लसच्या पुस्तकातील दोन गोष्टी तेथे नाहीत हे जाणवल्याशिवाय राहत नाही.

पहिली गोष्ट, येथे उत्तर दिशा नाही. डग्लसच्या हकीकतीला भूगोलाने आकार दिलेला आहे. दक्षिणेत दास्य, उत्तरेत स्वातंत्र्य, मध्ये एक सीमा. ती ओलांडली की कथा पुरी होते आणि माणूस नवे नाव घेतो. दगडूही गाव सोडून मुंबईच्या कावाखान्यात येतो, शिकतो, कारकुनी करतो, कवी म्हणून नाव मिळवतो. जात सोबत येते. ओलांडायला सीमा नसल्यामुळे कथेला शेवट करता येत नाही, आणि हे पुस्तक मागेपुढे, आठवणीतून आठवणीत असे फिरत राहते. त्याच्या विस्कळीत रचनेला दोष देणाऱ्यांनी हा भाग ध्यानात घेतलेला नाही.

दुसरी गोष्ट, येथे जामीनदार नाही. त्याची रचनाच वेगळी आहे. पुस्तकाच्या आरंभी दया पवार आणि दगडू मारुती पवार यांची भेट होते आणि दगडू आपली हकीकत दया पवारांना ऐकवू लागतो. दोघे एकच आहेत. शिकलेला, पांढरपेशा वस्तीत मिसळलेला, छापून येणारा दया पवार ऐकणारा. आणि दगडू सांगणारा. गॅरिसन यांची प्रस्तावना पुस्तकाबाहेर होती. येथे श्रोता, शंकेखोर आणि शिफारस करणारा तिघेही लेखकाच्या आतच येऊन बसले आहेत. असे का झाले? डग्लसचा वाचक दूर बोस्टनमध्ये होता. त्याला दक्षिणेविषयी सांगावयाचे होते. आंबेडकरांचा वाचक सातासमुद्रापार होता. 'बलुतं'चा मराठी वाचक मात्र त्याच गावचा आहे. दगडूच्या आईला ज्या दारात भाकरी वाढली गेली त्या दाराच्या आतला तो आहे, किंवा त्याचा नातू आहे. त्याला शिफारसपत्र काय दाखविणार? तो स्वतःच साक्षीदार आहे आणि आरोपीही आहे. शिवाय दगडूची लाज दुसऱ्या बाजूकडूनही येते. आपलेच लोक हे उकिरडे कशाला उपसता असे विचारतात, आणि पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर ते विचारले गेलेही.

येथे गावगाड्यातील एका जुन्या प्रथेची आठवण होते. अमेरिकन गुलामाला साक्षीचा अधिकार नव्हता. महाराला तो होता. शिवेचा तंटा निघाला की गावची हद्द कोठून जाते हे महाराने सांगावे आणि ते प्रमाण मानावे, ही महाराष्ट्रातील रीत सर्वश्रुत आहे. गावाच्या जमिनीविषयी त्याचा शब्द अखेरचा होता. ज्याला शिवेच्या आत राहण्याची जागा नव्हती त्याला शीव तेवढी नेमकी ठाऊक होती! पण स्वतःविषयी साक्ष द्यावी असे त्याला कोणी कधी विचारले नाही. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि त्यानंतर वीस वर्षांनी त्याच वतनाचे नाव घेऊन एका महाराच्या मुलाने शिवेची हद्द पुन्हा एकदा दाखविली. 'बलुतं' हे शीर्षक केवळ उपरोधिक नाही. ते त्या जुन्या अधिकाराचा वापर करते.

असे असूनही मराठी समीक्षेने या पुस्तकांकडे बराच काळ कच्चा माल म्हणून पाहिले. 'जळजळीत वास्तव', 'दाहक अनुभव' हे शब्द गौरवाचे वाटतात, पण त्यांत गृहीत असे आहे की येथे अनुभव आहे आणि रचना नाही. यमूच्या कहाणीत रचना दिसते, कारण ती रचणारा आपल्याला माहीत आहे. दगडूच्या कहाणीत ती दिसत नाही, कारण खरे बोलणाऱ्याला कला नसते असा आपला समज आहे. जेकब्सच्या बाबतीत अमेरिकन विद्वानांनी उलट बाजूने हीच चूक केली होती. तेथे कला दिसली म्हणून सत्य नाकारले गेले. शरणकुमार लिंबाळे यांच्या १९९६ च्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' या ग्रंथानंतर चर्चेचे शब्द बदलले. सवय तेवढ्याने पुरती मोडली असे म्हणता येत नाही.

स्त्रियांच्या आत्मकथनांत हा प्रश्न आणखी खोल जातो. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आले. मुक्ताबाईप्रमाणेच त्यांच्या शीर्षकात 'आमुचं' आहे, 'माझं' नाही. महारवाड्यातील सणवार, भूक, बाळंतपणे, अंगात येणे, आंबेडकरांच्या सभांनी झालेला पालट, आणि नवऱ्यांनी व सासऱ्यांनी सुनांची नाके कापल्याच्या हकीकती, हे सारे त्यात आहे. पण फलटणच्या आपल्या किराणा दुकानात बसून हे लिहिणाऱ्या बेबीताईंच्या स्वतःच्या संसाराविषयी पुस्तक जवळजवळ काहीच सांगत नाही. डग्लसने जसा पळून येण्याचा मार्ग झाकला, जेकब्सने नावे झाकली, तशी ही तिसरी झाकलेली जागा. माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला, जो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, एक मुलाखत जोडलेली आहे. आपण नवऱ्याकडून मार खाल्ला आणि आपले लेखन वर्षानुवर्षे त्याच्यापासून लपवून ठेवले, असे बेबीताई तीत सांगतात. मग हे पुस्तकात का आले नाही, असा प्रश्न येतोच. त्यांच्या उत्तराचा आशय असा की, जे सगळ्याच बायका सोसत होत्या ते आपले एकटीचे म्हणून काय सांगावयाचे.